फळीतून येणारी टाच

हावड्याची गाडी नागपूर स्टेशनात लागली तरी बाबा माझ्याशी बोलत नव्हते. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशावर काम करणारे माझे बाबा संध्याकाळी भीमगीतांची पार्टी चालवायचे, आणि पार्टीचा ढोलकवाला मी. आता ढोलक घरी खुंटीला आणि माझ्या हातात बास गिटार! ती मी कामठीच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडे शिकलो, आणि तिच्याच जोरावर कलकत्त्याच्या रेस्टॉरंटात नोकरी लागली होती. कॉलनीतली पोरं मुंबईकडे पळायची. मी उलट्या दिशेला निघालो. "पार्टी मोडते आता," हेच त्याआधी महिनाभर बाबांचं पालुपद होतं. गाडी हलली तेव्हा मात्र खिडकीशी आले.

"जाय गा. पण टाच नको सोडू."

ज्यांनी आमची पार्टी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भोंग्यांची तोंडं लोकांकडे असायची, त्यामुळे मागे बसलेल्या कोरसच्या बायकांना ढोलक धड ऐकूच यायची नाही. म्हणून ढोलकवाल्याने एक पाय मोकळा ठेवायचा आणि पहिल्या ठोक्याला स्टेजच्या फळीवर टाच हाणायची. दणका फळीतून मागे पोचला की बायका धृपद बरोबर उचलायच्या. बाबांचा कायदा एकच: "पयल्या ठोक्याले सगळे एकसंग पडा, मंग काय नाचाचं ते नाचा."

कलकत्त्यात आमचा ड्रमर रॉनी खलाशांकडून अमेरिकन रेकॉर्डी मिळवायचा. त्यांतलं फंक म्हणजे काय, ते तो हातवारे करून समजावू लागला: पहिला ठोका सगळ्यांचा, पुढे मोकळं रान. मला हसू आवरेना. ज्या गोष्टीसाठी मी लहानपणी बाबांच्या शिव्या खाल्ल्या, ती इथे बिलायती झाली होती! आम्ही तसं वाजवायला लागलो आणि रेस्टॉरंटात लोक जेवण टाकून उठू लागले. पुढे आमची रेकॉर्ड निघाली, तेव्हा माझ्या टाचेचा आवाज माइकमध्ये यायला लागला. रेकॉर्डिंगवाल्याने वैतागून बूट काढायला लावले. टाच गेली आणि माझा हातही गेला. गाणं लंगडायला लागलं. शेवटी रॉनीनेच बूट परत घालायला लावले.

त्या शहरात फंक आणणाऱ्यांत आज आमचं नाव घेतात. नवी बासवाली पोरंही टाच हाणतात, अमेरिकन स्टाइल म्हणून. पण तुम्हीही घर सोडलं असेल तर कळेल तुम्हाला, माझ्या मागे नुसती भिंत असायची, आणि टाच हाणली की मी उगाच मागे वळून बघायचो.

पार्टी मोडली असेल, या धास्तीने मी दर दसऱ्याला काहीतरी निमित्त काढून गावी जायचं टाळत राहिलो. शेवटी एका वर्षी धीर करून गेलो. दीक्षाभूमीच्या वाटेवर आमचाच स्टेज, बाबा पेटीवर, आणि ढोलकवर माझी धाकटी बहीण विमल! ही कोरसमध्ये बसायची, सगळ्यात मागे. बाहेरचे ढोलकवाले बाबांना पटेनात, तेव्हा हीच पुढे सरकली म्हणे. टाच कुठे पडते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, जळलोही.

बाबांनी मला बास घेऊन वर बसवलं. मी कलकत्त्याच्या ऐटीत ठोक्याच्या जरा मागे रेंगाळत वाजवू लागलो. विमलने ढोलक थांबवली.

"दादा, मांगं काहून पडून राह्यला? तिकडं चालत असन, इथं नाही चालत."

समोरचे लोक हसले, बाबा सगळ्यात जास्त. मी बास खाली ठेवली आणि मागे कोरसच्या बायकांत जाऊन मांडी घातली. एका मावशीने सरकून जागा दिली. विमलने ढोलक सुरू केली, टाच हाणली, आणि दणका फळीतून थेट माझ्या मांडीत आला. एवढी वर्षं टाच मीच हाणत आलो, पण ती पोचते तेव्हा कसं वाटतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. घर म्हणजे आता माझ्यासाठी ती मागची जागा. मी तोंड उघडलं आणि बायकांसोबत धृपद बरोबर उचललं.