दिल्याच्या बाबांचं विलायती जॅकेट

कोल्हापुरात लेदर जॅकेट घालण्यासारखी थंडी पडते ती पहाटे, आणि तीही दूध घेऊन परत येईपर्यंत. तरी आम्ही ऑनलाइन जुनी जॅकेटं मागवतो! घालायला मिळत नाहीत, म्हणून ओळखत बसतो. चेन कसली, अस्तर कुठलं, शिवणारा कोण. या उद्योगात कपाट भरलं जॅकेटांनी आणि डोकं किश्शांनी.

आम्ही म्हणजे मी, कागलचा संजा आणि दिल्या. दिल्याकडं जॅकेट एकच, त्याच्या वारलेल्या बाबांचं, लेबल कापलेलं. बाबा जन्मभर सांगायचे, हे विलायतचं, एका गोऱ्या साहेबानं खूश होऊन अंगावरचं काढून दिलं. भावकी म्हणायची, थापा. भावकीचं तोंड एकदाचं बंद करायचं, एवढ्यासाठी दिल्या आमच्यात आला.

संजाचं पहिलं जॅकेट आलं ते पत्र्यासारखं कडक. नवी चप्पल कडक असली की आपण तेल पाजतो, तसं त्यानं जॅकेटला पोटभर एरंडेल पाजलं. जॅकेट मऊ झालं, पण आतला कंपनीचा शिक्का तेलात गडप. वर ते घालून हा गडहिंग्लजच्या एसटीत बसला. उतरायला उठला तर सीटवर त्याची अख्खी पाठ उमटलेली. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "पावणं, हे बी घिऊन जावा की."

माझी सवय वेगळी. घेण्याआधी फोटो मागायचे. दिल्लीच्या एका विक्रेत्याकडं मी चेनचा मागितला, मग खिशाच्या आतला, मग काखेतल्या शिलाईचा. बिचारा पाठवत राहिला. शेवटी त्याचा मेसेज आला, "भाईसाब, आप ही बता दो किसका है, मैं वही लिख देता हूँ."

मुरगूडला लग्न होतं, भर मे महिन्यात. संजाला नुकतंच एक दुर्मीळ जॅकेट मिळालेलं, ते घालूनच आला. कुणीतरी विचारेल, या आशेवर काढायला तयार नाही. घामानं निथळायला लागला, तसं लोकांना वाटलं पावण्याला थंडीताप भरलाय. त्याला खाटेवर आडवा केला, वर घोंगडं घातलं, डॉक्टर बोलावले. त्यांनी नाडी बघता बघता विचारलं, जॅकेट कुठलं हो? संजा ताडकन उठून बसला.

शेवटी दिल्याच्या घरी त्याच्या जॅकेटाची पाळी आली. बाहेरून काही पत्ता लागेना. मी म्हटलं, कॉलर थोडी उसवू, आत कडकपणासाठी काय कापड घातलंय त्यावरून गाव कळतं. दिल्यानं ब्लेड कॉलरला लावलं, परत काढलं आणि माझ्याकडं दिलं. दिल्याच्या आई समोरच शेंगा फोडत बसलेल्या.

मी थोडे टाके काढले. आतून निघालं साखरेच्या पोत्याचं कापड, त्यावर आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्याचं नाव, चक्क मराठीत!

संजानं माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं. दिल्याचा चेहरा उतरला. "म्हंजे भावकी खरं बोलत हुती," तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं. कुठून हे ब्लेड हातात घेतलं असं झालं.

आईंनी मान वर न करता विचारलं, काय सापडलं. मी सांगितलं.

"ते व्हय? ते मीच घातलंतं. कॉलर पडाय लागलीती, मग पोतं कापून आत शिवलं. जॅकेट विलायतचंच हाय की." आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

 दिल्या जॅकेट हातात घेऊन आम्हाला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला. तिथं हळूच म्हणाला, "आमच्या घरात बटणंसुदिक बाबाच लावायचं. आईला सुईत दोरा ओवता येत न्हाय."

मग भर उन्हात त्यानं जॅकेट अंगात घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. संजानं चाचरत विचारलं, भावकीला आता सांगायचं काय?

"सांगायचं काय म्हंजे? विलायतचं."