मधल्या स्पीकरचा वाटा

१ जून २०२४. वेसाव्याच्या कोळीवाड्यातील एका घरात जीव चार.

या तारखेपासून दोन महिने समुद्रात जाळे टाकण्यास सरकारी मनाई असते. या काळात माशांनी निर्वेधपणे अंडी घालावीत, असा त्यामागचा विचार आहे. मासे त्या सवलतीचा कसा उपयोग करतात हे समुद्रालाच ठाऊक; किनाऱ्यावर ओढलेल्या होडीचा मालक काय करतो, हे मात्र हरेश्वरच्या उदाहरणावरून सांगता येते. त्याने त्या वर्षी घरात सिनेमागृह उभारले.

हरेश्वर सत्तेचाळीस वर्षांचा. त्याची बायको हेमांगी अंधेरीतल्या एका दवाखान्यात दुपारपाळीत नोंदणीच्या टेबलावर बसते आणि नऊच्या पुढे घरी येते. मुलगा कृणाल मोबाइलच्या दुकानात नोकरीला आहे; घरात असतो तेव्हा त्याच्या कानांत इअरफोन असतात, म्हणजे तो घरात नसतो. चौथा जीव हरेश्वरची आई सखुबाई, वय एकाहत्तर. त्या अंधेरीच्या बाजारात हंगामात घरच्या होडीची ताजी मासळी आणि बारमाही सुके बोंबील, जवळा व सोडे विकतात. होडी किनाऱ्यावर असते तेव्हा सुक्या मासळीला भाव येतो. तेव्हा बंदीच्या दोन महिन्यांत हे घर मुख्यतः सखुबाईंच्या टोपलीवर चालते. अर्थात कर्ता पुरुष म्हणून नाव हरेश्वरचेच घेतले जाते.

सखुबाई संध्याकाळी सातला बाजारातून येतात, हातपाय धुतात आणि टीव्हीसमोर बसतात. त्यांची एक मालिका आहे. ती फार थोर आहे असे म्हणवत नाही. एका घरातली माणसे एकमेकांना तीच ती गोष्ट रोज नव्याने समजावून सांगतात, एवढेच तिचे कथानक. पण समजावून सांगतात, हे महत्त्वाचे. दिवसभर बाजारात सखुबाईंशी लोक बोलत ते भावाचे, तेही अर्ध्या वाक्यात आणि बोटांनी. घरात हरेश्वर ‘हां, हां’ म्हणे, कृणाल मान हलवी आणि हेमांगी दमलेली असे. ‘का’, ‘कशासाठी’, ‘मग काय झाले’ यांसह पुरी वाक्ये सखुबाईंच्या कानांवर पडत ती फक्त त्या पडद्यातून. आणि नव्या, मोठ्या, पातळ टीव्हीतून तीही नीट ऐकू येईनात.

“माणसा त्वांड हलवतान,” त्या म्हणाल्या. “बोलतान काय ता मना धड आयकू येत नाय. जरा त्याचा आवाज नीट कर रं, हरेश्वरा.”

त्यासाठी त्यांनी सुकटीच्या कमाईतले चाळीस हजार रुपये मुलाच्या हातावर ठेवले. मागणी एका वाक्यात सांगता येण्यासारखी होती: माणसांचे बोलणे ऐकू यावे.

चाळीस हजारांत आवाजाचा पूर्ण संसार येत नाही. तेव्हा आधी काय घ्यावे आणि नंतर काय, हा प्रश्न उभा राहिला. कृणालने त्याचे उत्तर मोबाइलवर शोधून जेवताना सांगितले.

“पप्पा, पहिला सेंटर घ्या. टीव्हीच्या खाली मध्ये ठेवतात तो. सगळं बोलणं त्याच्यातूनच येतं.”

“आणि सबवूफर?”

“तो शेवटी. नसला तरी चालतो.”

“नसला तरी चालतो?” हरेश्वरने ताटातला हात थांबवला. “बाजूच्या अल्पेशनं सबवूफर लावला तवा आपल्या मांडणीवरची ताटं नाचत होती. सगळ्या गल्लीला कळलं, अल्पेशनं काय आणलं ते. तुझा सेंटर आणला, तर कोणाला कळणार रे?”

“आजीला,” कृणाल म्हणाला आणि त्याने इअरफोन पुन्हा कानांत घातले.

हरेश्वरच्या प्रश्नात एक गंभीर सामाजिक सत्य आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. माणसाचे बोलणे भिंतीपाशी थांबते. सबवूफरचा खालच्या सुरातला दणका भिंत ओलांडतो. बोलण्यावर खर्च केलेला पैसा घरातच राहतो, दणक्यावर केलेला शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो. ज्याला थोडक्या पैशांत प्रतिष्ठाही बसवायची आहे, त्याने दणका घ्यावा हे उघड आहे. बंगल्यात राहणारी सुशिक्षित मंडळीही याच न्यायाने दिवाणखाना सजवतात आणि स्वयंपाकघराचा गळका नळ पुढच्या वर्षावर टाकतात.

शिवाय हरेश्वरकडे वाटणीचा एक जुना नियम होता. होडीवर मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात: पहिला होडीचा, मग इंजिनाचा, मग जाळ्याचा, आणि उरेल ते माणसांच्या हातांचे. हा नियम त्याने आवाजाला लावला. रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा, ही होडी. सबवूफर हे इंजिन. पुढचे दोन स्पीकर म्हणजे जाळे; ते अल्पेशकडून जुने मिळाले. तोवर पैसे संपले. मधला स्पीकर आणि मागचे दोन हे हात ठरले आणि त्यांना पुढच्या हंगामाचा वायदा मिळाला.

मासळी विकून तिचे पैसे करणाऱ्या बाईचा वाटा या यादीत कुठे बसतो, असे कोणी विचारले नाही. होडीवरही तो विचारला जात नाही. ती घरची असते.

जोडणीच्या दिवशी अल्पेश मदतीला आला. रिसीव्हर पडद्यावर एकेक प्रश्न विचारतो: पुढचे स्पीकर आहेत का? मधला आहे का? मागचे आहेत का?

“मधला नाय ना तुझ्याकडं,” अल्पेश म्हणाला. “नाय टाक.”

“नाय कसा? येणारच हाय तो.”

“येल तवा येल. आता नाय टाक ना यार.”

“अल्प्या, तुझा बाप तापानं घरी पडला होता त्या हंगामात आमच्या होडीवर त्याचा वाटा काढून ठेवत होते का नाय? आज आला नाय म्हणून माणूस होडीवरून कमी करतात का?”

अल्पेशने रिमोट त्याच्या हाती दिला. खरोखरच हा रिवाज चांगला आहे. आजारी खलाशाचे नाव वाटणीतून काढत नाहीत. तो येईपर्यंत त्याचा वाटा बाजूला ठेवला जातो. मनुष्यजातीने शोधलेल्या थोड्या सभ्य नियमांपैकी हा एक. हरेश्वरने तो यंत्राला शिकवला. मधला स्पीकर: आहे. मागचे दोन: आहेत. पडद्यावर पाच स्पीकर आणि एक सबवूफर असे पूर्ण संचाचे आकडे झळकले आणि अल्पेशचा चेहरा थोडा उतरला.

यंत्र प्रामाणिक निघाले. त्या क्षणापासून त्याने मधल्या स्पीकरचा वाटा इमानेइतबारे बाजूला काढायला सुरुवात केली. पडद्यावरच्या प्रत्येक माणसाचे प्रत्येक वाक्य त्याने मधल्या वाटेने पाठवले, आणि त्या वाटेच्या टोकाला काहीच नव्हते.

हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, असा प्रश्न पडेल. पहिल्या दिवशी शेजारी जमले तेव्हा वादळाचे दृश्य लावले होते. लाटा आदळल्या, मांडणीवरची ताटे नाचली, भिंतीपलीकडून अल्पेशच्या आईने “वाट लागली रे घराची!” असे ओरडून पोचपावती दिली. नंतर हरेश्वरने क्रिकेटचे सामने पाहिले. प्रेक्षकांचा गलका भरपूर होता, समालोचन गेले होते, पण त्याची उणीव कोणास भासली नाही. हाणामारीचे चित्रपट पाहिले. त्यांत बोलणे मुळातच कमी. कृणाल मोबाइलवर पाहत होता. हेमांगी येई तेव्हा टीव्ही बंद झालेला असे. सात वाजता त्या पडद्यासमोर माणसांचे बोलणे ऐकण्यासाठी बसणारी व्यक्ती घरात एकच होती.

सखुबाईंना मालिकेचे संगीत ऐकू आले. दार आपटल्याचे ऐकू आले, मेघगर्जना तर छातीत ऐकू आली. फक्त माणसे मुकी झाली. पूर्वी त्यांचे बोलणे अस्पष्ट होते, आता अजिबात नव्हते. एवढे महाग यंत्र आणल्यावरही ऐकू येत नाही, याचा अर्थ एकच होऊ शकत होता, आणि तो त्यांनी काढला.

“हरेश्वरा, माजे कान गेले रं,” त्या चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाल्या. “ढगाचा गडगडाट आयकू येतंय. माणूस आयकू येत नाय.”

हरेश्वरने त्यांच्याकडे खरोखरच्या कळवळ्याने पाहिले. बहिऱ्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून तो बोलला नाही. त्याने आपल्या कानाला हात लावला, मग आईच्या पांढऱ्या केसांकडे बोट दाखवले, मग तळवा हवेत फिरवला: वय झाले. हे निदान सर्व घराने स्वीकारले. आजवर त्यांना निम्मी वाक्ये तरी मिळत. त्या दिवसापासून खुणा मिळू लागल्या. जेवायचे असेल तर तोंडाकडे बोट, झोपायचे असेल तर गालाखाली हात. आपण ऐकू शकतो, हे कळण्याची जी एक संधी त्यांना घरात होती, ती घराने माया म्हणून काढून घेतली.

“कानाच्या डॉक्टरला दाखवूया,” हेमांगी म्हणाली. “आमच्याकडेच येतात दर बुधवारी.”

“दाखवू ना. बंदी उठू दे. आता पैसे कुठं हायत?”

सबवूफर नुकताच आलेला होता, हे तिलाही मान्य करावे लागले.

बाजारात सखुबाईंना तसे ऐकू येत होते. पण मनात एकदा भय बसले की पुरावे आपोआप गोळा होतात. एका गिऱ्हाईक बाईने हळू आवाजात सोडे मागितले, सखुबाईंनी जवळा तोलला. अशी चूक चाळीस वर्षांत पन्नासदा झाली असेल. या वेळी ती शेवटची साक्ष ठरली. बहिरी विक्रेती म्हणजे ओळीतल्या बायकांच्या हसण्याचा विषय. हसण्याच्या आधी उठावे, हा सखुबाईंचा स्वाभिमान होता.

बाजारातली बसायची जागा त्यांना सासूकडून मिळाली होती. कागद नाही, ओळीतल्या बायकांसमोर नारळ फोडून बसायचा पाट दुसरीच्या हाती दिला की जागा तिची. एकदा दिलेला पाट परत मागत नाहीत. घरातली दुसरी बाई हेमांगी, ती नोकरी सोडून ही जागा घेणार नव्हती. तेव्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सखुबाईंनी तो पाट शेजारी बसणाऱ्या सुंदराबाईंना दिला.

“अगं पन का?” सुंदराबाईंनी विचारले. “हातपाय धड हायत तुजे.”

सखुबाईंनी हे ऐकले. पण आपण ओठांवरून ओळखले, असे त्यांना वाटले.

“दमली मी,” त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी हेमांगी पाय मुरगळल्यामुळे घरी होती. सखुबाई बाजारात नारळ फोडत असताना तिने सहज टीव्ही लावला. दोन बायका पडद्यावर तावातावाने भांडत होत्या आणि आवाज फक्त बासरीचा येत होता. हेमांगीने आवाज वाढवला. बासरी वाढली.

“कृणाल! ए, कान मोकळे कर आणि इकडं ये. ही माणसं बोलत का नाहीत?”

कृणालने रिमोट घेतला आणि पडद्यावरची यादी उघडली.

“पप्पा, सेंटर ‘आहे’ कोणी टाकलं?”

हरेश्वर दाराशी जाळे विणत बसला होता. “मी. का?”

“अहो, नाहीये ना तो! सगळं बोलणं तिकडं चाललंय. दीड महिना!”

त्याने ‘आहे’चे ‘नाही’ केले, तसे बोलणे पुढच्या दोन स्पीकरांकडे वळले. त्यासरशी भांडणाऱ्या दोन्ही बायका खणखणीत मराठीत बोलू लागल्या. घरात तिघेही उभे राहून ते भांडण ऐकत होते. कथानक कोणालाच ठाऊक नव्हते.

“म्हणजे आये बहिरी नाही,” हेमांगी म्हणाली. “आणि आज ती पाट द्यायला गेलीय. फोन लावा तिला, आत्ताच्या आत्ता.”

“फोन लावून काय सांगू?” हरेश्वर म्हणाला. “मी तुझ्या पैशानं तुझे कान बंद केले, असं सांगू?”

“हो. तसंच सांगा.”

तो फोन हातात घेऊन बसला. क्रमांक लावण्याआधी काय बोलावे याचा विचार करू लागला, आणि विचार पुरा होण्याच्या आत सखुबाई दारात आल्या. पाट सोबत नव्हता. त्या सवयीने टीव्हीसमोर बसल्या, आणि पडद्यावरची सासू सुनेला म्हणाली की या घरात माझे कोणी ऐकत नाही.

सखुबाई ताठ झाल्या. पुढचे वाक्य आले, तेही त्यांनी ऐकले. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, काढले, पुन्हा ठेवले.

“आयकू येतंय,” त्या म्हणाल्या. “हरेश्वरा, मना आयकू येतंय रं! ही तुजी मशीन! त्या दनक्यानं कान मोकळे झाले माजे. हजार वर्सं जग, बाला.”

हेमांगीने नवऱ्याकडे पाहिले. कृणालने जमिनीकडे पाहिले. हरेश्वरने, सत्य बोलण्यासाठी इतकी सोयीची वेळ पुन्हा येणार नाही हे ओळखून, आईच्या पाया पडून आशीर्वाद घेतला.

बंदी उठली, होडी पाण्यात गेली. पहिल्या मासळीचे वाटे पडले: होडी, इंजिन, जाळे, हात. ती मासळी विकायला आता घरची बाई बाजारात नाही, म्हणून ती दलालाला जाते आणि कमी भावात जाते. या तोट्याचे कारण हरेश्वर विचारणाऱ्यांना ‘आईचं वय’ असे सांगतो. सखुबाईंनी सुंदराबाईंकडे पाट परत मागितलेला नाही. दिलेला पाट मागत नाहीत हे एक कारण. दुसरे म्हणजे यंत्राने दिलेले कान यंत्र कधीही काढून घेईल, अशी त्यांना धास्ती आहे. त्या दिवसभर घरी असतात आणि रोज सबवूफरला हळदकुंकू लावतात. हेमांगीने दोनदा खरे सांगायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा हरेश्वर म्हणाला, “मी सांगतो, मुलगा हाय मी.” घरातली माणसे त्यांच्याशी अजूनही बरेचसे खुणांनीच बोलतात, कारण सवय पडली आहे.

मधला स्पीकर आलेला नाही. सखुबाईंना खरे कारण सांगितलेले नाही, आणि त्यांची बाजारातली जागा कोणी भरून दिलेली नाही.