आप्पांचा पेपर लवकर संपवायचा होता

माझ्या वडिलांची, आप्पांची, नजर साखरेनं गेली, तेव्हापासून सकाळचा पेपर मी त्यांना वाचून दाखवते. तासभर सहज मोडतो. इकडं तव्यावर भाकरी, तिकडं ऑफिसची घाई, आणि आप्पा म्हणणार, "काय म्हणालीस? परत वाच की." उद्यमनगरच्या फाउंड्रीत त्यांचा जन्म गेला, तिथल्या आवाजानं कानही जड झालेत. मोबाइल त्यांनी कधी ठेवला नाही. गावाची खबर त्यांना मिळते ती पेपरातूनच.

तेव्हा मी ठरवलं, वेगानं वाचायला शिकायचं. आपण आधी झरझर वाचून घ्यायचं आणि आप्पांना थोडक्यात सांगून मोकळं व्हायचं. ऑफिसातल्या मैत्रिणीनं एक व्हिडिओ पाठवला. त्यातला गृहस्थ फार हसतमुख होता. म्हणाला, मनातल्या मनात वाचणारा आवाज बंद करा. एकेक शब्द बघू नका, गठ्ठा बघा. डोळे पानावरून वाहू द्या, अर्थ आपोआप येईल.

मी आवाज बंद करायला बसले, तर 'आवाज बंद कर, आवाज बंद कर' हेच मनात मोठ्यांदा ऐकू यायला लागलं. डोळे वाहिले, पानाच्या तळाशी जाऊन पोचले, पण अर्थ वरच कुठंतरी अडकला. व्हिडिओखाली मी विचारलं, "गठ्ठा म्हणजे किती शब्द? डोळे वाहू द्यायचे म्हणजे नक्की करायचं काय?" उत्तर आलं, "ताई, विश्वास ठेवा, सराव करा." अस्सा राग आला! आमच्याकडं पावण्यानं पत्ता विचारला की, "ह्ये काय हितंच, सरळ जावा की," असं सांगतात, आणि बिचारा पार शिरोलीच्या पुढं जाऊन पोचतो. पण पत्ता सांगणारा निदान हात करून दिशा तरी दाखवतो. ह्या माणसानं तेवढंही केलं नव्हतं.

तरी मी हट्टाला पेटले. रोज सराव केला आणि पेपर खरोखर लवकर संपायला लागला. त्यातलं कळत किती होतं, ते विचारू नका. राधानगरीतून पाणी सोडलं, उसाच्या दरावरून बैठक झाली, असे मोठे मथळे तेवढे हाताला लागायचे. तेच मी आप्पांना सांगायचे. ते नुसतं "बरं" म्हणायचे. मला वाटलं, जमलं.

एका सकाळी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "निधन वार्ता?"

कोल्हापुरात हे सदर चुकवून चालत नाही. कोण गेलं, रक्षाविसर्जन किती वाजता, हे बघून माणसं दिवसाची कामं ठरवतात. मी पानावरून डोळे वाहू दिले आणि सांगितलं, "वळखीचं कोण न्हाय, आप्पा."

आप्पांनी बशी खाली ठेवली. "पान उलटल्याचा वारा आत्ता लागला. एवढ्यात सगळी नावं झाली?"

"झाली की."

"बोट ठेवून वाच. वरनं."

भाकरी करपत होती. मी चिडूनच पेपर ओढला आणि बोट ठेवून मोठमोठ्यांदा वाचायला लागले. नाव, वय, गल्ली, मागं कोण कोण. सदर संपत आलं आणि आप्पांच्या दोस्ताचं नाव आलं. भट्टीवर दोघांनी उभा जन्म एकत्र काढलेला. दर दसऱ्याला ते सोनं द्यायला यायचे, आप्पांच्या खांद्यावर थाप मारायचे आणि चहा न घेता जायचे. रक्षाविसर्जन आज सकाळी नऊ वाजता, पंचगंगा घाट.

आप्पा उठले आणि चाचपडत टोपी शोधायला लागले. मी गॅस बंद केला, त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि निघाले.

पोचलो तेव्हा नऊ कधीच वाजून गेले होते, तरी माणसं नुसती उभी होती. दोस्ताचा मुलगा पुढं आला. त्यानं आप्पांचे दोन्ही हात धरले.

"आलासा काका."

"उशीर झाला रं," आप्पा म्हणाले. माझी मान वर होईना.

"थांबलोय की तुमच्यासाठी. रक्षा अजून उचलली न्हाय." मग माझ्याकडं बघून तो म्हणाला, "बाबा दवाखान्यात सांगून गेलेत, आप्पाला कळवा. त्येच्याकडं फोन न्हाय, पेपरात द्या. त्येची लेक त्येला रोज वाचून दावती, एकबी नाव सोडत न्हाय."

मला तिथं उभं राहवेना. आप्पांनी हात पुढं करून माझा खांदा शोधला आणि घट्ट धरला.

"व्हय," ते म्हणाले. "न्हाय सोडत."