बाळ कशानं गेलं?

"ठोके मिळत नाहीयेत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. सोनोग्राफीचा पडदा त्यांनी माझ्यापासून लपवला नाही. आय.यू.डी. म्हणतात त्याला, म्हणजे बाळ पोटातच गेलं होतं. मला आठवा महिना चालू होता.

एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. गेलेल्या बाळालाही जन्म द्यावाच लागतो. गोळ्या देऊन कळा आणल्या. मुलगी झाली. नाकडोळे छान होते, पण पोट फुगलेलं आणि सगळ्या अंगावर सूज.

वॉर्डाबाहेर कारणं ठरायला लागली होती. माझे मिस्टर तळोजाला केमिकल कंपनीत आहेत. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या रडत रडत म्हणाल्या, "मी सांगत हुते, त्या कंपनीचा वास घरात आनू नका. पोटुशी बाई हाय घरात." आमची तळवलीला एकच खोली आहे, त्यांच्या कपड्यांचा वास घरभर व्हायचा. त्या क्षणापासून मिस्टर वॉर्डातल्या माझ्या खाटेपाशी यायचे बंद झाले. लांब दाराशी उभे राहायचे.

मॅडमनी आम्हा तिघांना बसवून विचारलं, "बाळाची तपासणी करू द्याल का? कापाकापी नाही. मिट्स म्हणतात, म्हणजे बारीक सुईनं आतले कण काढून तपासायचे. वारही तपासू."

"मेल्यावर बी टोचायचं व्हय लेकराला?" आत्या म्हणाल्या. "परत येनार हाय का ती?"

"ती नाही येणार, मावशी. पुढचं यावं म्हणून विचारतेय."

आमच्यात एवढ्याशा बाळाला पुरतात, तेही दिवस मावळायच्या आत. आत्यांची घालमेल मला दिसत होती. पण कारण कळलं नाही, तर आमच्या घरात ते वासाचंच राहणार होतं, हेही मला दिसत होतं. मी मिस्टरांकडं बघितलं. ते पहिल्यांदा बोलले, "करा तपासणी. माझ्यामुळं असंल तर तेबी कळू द्या."

मी सही केली. तपासणी झाल्यावर सिस्टरनी बाळाला धुऊन, नवं दुपटं गुंडाळून आमच्या हातात दिलं. उजेड असतानाच आम्ही तिला पुरलं. त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागले. या दिवसांत मिस्टर कामावरून आले की बाहेरच्या नळावर आंघोळ करायचे, कपडे तिथंच पिळायचे आणि दाराशी बसून जेवायचे. "आत या," म्हटलं तर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे."

रिपोर्टच्या दिवशी मॅडमनी आधी मलाच विचारलं, "याआधी कधी दिवस राहिले होते का?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "न्हाय वो, पयलीच खेप. त्याच्या आधी एक पडलं गावाला, तीन म्हैन्याचं. पन ते कुठं मोजायचं असतंय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

खरंच, आमच्याकडं पडलेलं मोजत नाहीत. बाईला काढा देतात, चार दिवस निजवतात आणि त्या विषयावर कुणी बोलत नाही. घराण्यातली पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. पण दवाखान्यात नाव नोंदवताना आत्यांनी "पहिली" सांगितलं, तेव्हा मलाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नव्हतं.

मग मॅडमनी रिपोर्ट समजावून सांगितला. माझा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह, म्हणजे रक्तातला एक घटक माझ्यात नाही. बाळाला तो बापाकडून मिळतो. पहिलं पडलं तेव्हा त्याचं थोडं रक्त माझ्यात मिसळलं आणि माझ्या शरीरानं त्याच्याविरुद्ध अँटिबॉडीज तयार केल्या, म्हणजे लढणारी द्रव्यं. त्यांनी या बाळाचं रक्त नासवलं. सूज त्याचीच. तेव्हाच अँटी-डी नावाचं इंजेक्शन मिळालं असतं, तर हे बहुतेक टळलं असतं.

मॅडम म्हणाल्या, "तुमचा गट आम्हाला माहीत होता. पहिलंच बाळंतपण म्हणून अँटिबॉडीची टेस्ट आम्ही पुढं ढकलली. ती चूक आमची."

मिस्टरांनी विचारलं, "म्हंजे वासाचं काय नव्हतं?"

"नाही."

"नक्की ना, मॅडम?"

"नक्की."

घरी आल्यावर ते सेकंड शिफ्टला गेले. परतले ते तसेच कंपनीच्या कपड्यांत आत आले आणि माझ्याशेजारी बसले. आत्यांनी आम्हा दोघांची ताटं जवळजवळ मांडली.

माझ्यासारख्या बायांना एवढंच सांगायचंय. बाळ गेलं तर कशानं गेलं ते विचारा. नशीब, नजर यावर थांबू नका. रक्तगट पाठ ठेवा. पडलेलं असेल, पाडलेलं असेल, ते डॉक्टरांना सांगा.

आता मला पुन्हा दिवस आहेत. अँटिबॉडीज एकदा झाल्या की त्या इंजेक्शनचा उपयोग नसतो. म्हणून सारखी डॉप्लर सोनोग्राफी करतात, म्हणजे बाळाच्या मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजतात; त्यावरून बाळाचं रक्त कमी होतंय का ते कळतं. गरज पडली तर पोटातच बाळाला रक्त चढवतात. पुढं काय होईल ते मॅडमही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण यावेळी कुणाशी लढायचंय ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

नाव नोंदवायला गेलो, तेव्हा खिडकीतल्या सिस्टरनी विचारलं, "कितवी खेप?"

मागं बायांची रांग होती. आत्या मला बाजूला सारून पुढं झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिसरी. लिवा, तिसरी."