चार बोटं माया

माझ्या आत्याकडे तीनच झगे होते. दोन आलटूनपालटून घालायचे आणि तिसरा पांढरा, फक्त रविवारच्या उपासनेचा. खोली एक, खिडकी एक, शिवणयंत्र एक. "दोन खोल्या असत्या तर चष्मा कुठल्या खोलीत राहिला हे शोधण्यातच जन्म गेला असता," असं म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा. अहो, माणसाला काही हवं असावं की नाही?

शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला आपण माया म्हणतो. बाकीचे शिंपी एक बोट माया ठेवतात, आत्या चांगली चार बोटं ठेवायची. "माणूस काय एका मापाचा राहतो होय? कपड्यानं त्याला जागा द्यावी," असं तिचं म्हणणं. रस्त्यापलीकडच्या काचा लावलेल्या शिवणाच्या दुकानातली मॅडम त्या जाड शिवणींवरून तिला 'गादीवाली' म्हणायची आणि गिऱ्हाइकं पळवायची. आत्या मात्र रोज सकाळी प्रार्थनेत त्या मॅडमचं नाव घ्यायची. मी चिडले की म्हणायची, "अगं, कंबर दुखते तिची बसून बसून. तिच्यासाठी कोण मागणार?"

माझं लग्न ठरलं. आत्यानं पेटीतून पांढऱ्या कापडाचा तागा काढला. त्यातूनच तिनं तीन वर्षांपूर्वी आपला रविवारचा झगा शिवला होता, उरलेलं सगळं माझ्यासाठी जपलं होतं. आणि मी दीडशहाणी! ते कापड काखोटीला मारून थेट मॅडमकडे गेले. मला अंगाबरोबर बसणारा झगा हवा होता, गादी नको होती. आत्याला सांगताना माझी मान खाली होती. ती म्हणाली, "बरं झालं, गळा छान काढते ती." टोमणा शोधला मी त्यात. नव्हता.

लग्नाची वेळ अकराची. आठ वाजता झगा चढवला, तर मागून चार बोटं उघडाच! माप देऊन महिना झाला होता आणि तो महिनाभर मी आनंदाच्या भरात दोन्ही हातांनी खाल्लं होतं. आईनं शिवण उलटून पाहिली. आत माया नावालाही नव्हती, अगदी काठोकाठ कापलेलं. मॅडमच्या दुकानाला कुलूप. आई रडायला लागली, मी आईवरच ओरडायला लागले. तेवढ्यात आत्या आली, पांढरा झगा घालून, चर्चला जायच्या तयारीनं.

तिनं माझ्याकडे एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "छान अंग भरलंय गं तुझं. वहिनी, मला तुझा घरातला एखादा झगा दे आणि कात्री आण."

आत जाऊन कपडे बदलून आली. रविवारचा झगा उलटा करून मांडीवर घेतला आणि बाजूची शिवण दाखवली. बाहेरचं कापड धुऊन धुऊन पिवळट पडलं होतं. आतली माया मात्र जशीच्या तशी, ताग्यातून आत्ताच फाडल्यासारखी पांढरीशुभ्र. मी म्हटलं, "आत्या, नको. तुझा एकच चांगला झगा आहे."

"मग? तो काय नाहीसा होणार आहे? आतलंच काढतेय." आणि कात्री चालवली.

दोन लांब पट्ट्या निघाल्या. माझ्या झग्याच्या दोन्ही बाजू उसवून तिनं त्या आत बसवल्या. आईचं शिवणयंत्र चालवताना भजन गुणगुणत होती, जशी रोज गुणगुणायची. मी समोर स्टुलावर बसून तिचे हात बघत होते. माणसाला काही हवं असावं की नाही, हा माझा प्रश्न तेव्हा मला फारच येडपट वाटला.

सव्वादहाला झगा अंगावर बसला, अगदी मापात. श्वासही घेता येत होता.

चर्चमध्ये पाळकसाहेबांसमोर मी हमसून हमसून रडले. नवरा बिचारा घाबरला, त्याला वाटलं मी बेत बदलतेय. बाहेर आलो तर बायका मॅडमला गराडा घालून, "काय सुंदर झगा शिवलाय हो!" आणि मॅडम खुशीत माना डोलावतेय. माझं डोकंच सटकलं. तिला सगळ्यांसमोर सांगायला निघाले, तोच आत्यानं माझं कोपर पकडलं.

"गप गं. गळा तिनंच काढलाय ना? मग कौतुक झालं तर काय बिघडलं?"

"आणि तुझी माया गेली ती?"

"गेली कुठं? तुझ्या अंगावर तर आहे." पुन्हा अंगात चढवलेला आपला पिवळट झगा कमरेशी चाचपून ती खुदकन हसली. "आता मला जाड व्हायची सोय राहिली नाही, एवढंच. चल, फोटोवाला बोलावतोय."