वालूरची बारव आणि बाबांचा ‘अस्सल भारतीय’ कॅमेरा

वालूरला जायचं बाबांनी कॅमेऱ्यामुळे ठरवलं. त्यांची सगळी नोकरी पुण्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनवण्यात गेली. आपल्या देशाचा स्वतःचा कॅमेरा का नसावा, हे त्यांचं जुनं दुखणं. त्यामुळे खोक्यावर तिरंगी पट्टा आणि ‘अस्सल भारतीय’ अशी अक्षरं असलेला कॅमेरा दिसताच त्यांनी तो घेतला. म्हणाले, “पहिला फोटो अक्काचा काढायचा.”

अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. लग्न होऊन वालूरला गेली ती तिथलीच झाली.

पुण्याहून बसने छत्रपती संभाजीनगर, तिथून रेल्वेने सेलू. स्टेशनाबाहेर पोहे बरे मिळतात. पुढे वालूरसाठी शेअर रिक्षा. ती भरेपर्यंत थांबायची तयारी हवी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि वेचणीला आलेला कापूस. मुक्कामाची सोय सेलूतच करा. आम्ही अर्थात आत्याकडे उतरलो.

“बापू, किती वाळलास रे!” आत्या दारातच म्हणाली. मग गरम भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. बाबांनी कॅमेरा काढला, तर ती पदराआड हसली. “आत्ता नगं. उद्या नवं लुगडं नेसते, मग काढ.”

सकाळी आम्ही दोघं बारव बघायला गेलो. गावकऱ्यांनी गाळ काढून ती मोकळी केली आहे. पायऱ्या गोल फिरत खाली पाण्याकडे उतरतात. वरून बघताना आपणही गरगरतो. ऊन वर यायच्या आत जा. पहिला फोटो अक्काचा, हे विसरून बाबा लहान मुलासारखे फोटो काढत सुटले होते. बॅटरी संपली म्हणून त्यांनी झाकण उघडलं. आतल्या चिकटपट्टीचा कोपरा सुटला होता. त्यांनी तो नखाने ओढला. खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, आणि दुसऱ्याच देशाचं.

मी मोबाईलवर शोधलं. हाच कॅमेरा परदेशात वेगळ्या नावाने विकला जात होता. मी ते दाखवलं.  बाबांनी कॅमेरा पिशवीत टाकला.

घरी आत्या हिरवं लुगडं नेसून, कुंकू रेखून ओट्यावर बसली होती.

“नाही काढत फोटो,” बाबा म्हणाले. “खोटा आहे कॅमेरा. इथला नाहीच.”

“मला काय करायचंय त्यो कुठला हाय ते? फोटू तर माझाच निघंल न्हवं?”

“या डबड्याने तुझा फोटो नाही काढणार, अक्का.”

मी मोबाईल पुढे केला. बाबा खेकसले, “ठेव तो!” आत्याने मला खुणेनेच थांबवलं. “ऱ्हाऊ दे माय. त्याला लय लागलंय. पुन्यांदा येताल तवा काढू.” मग ती आत जाऊन लुगडं बदलून आली आणि स्वयंपाकाला लागली.

पुण्याला आल्यावर बाबांनी कंपनीला विचारलं. उत्तर आलं: कल्पना भारतीय, जुळणी भारतात, भाग बाहेरचे. चिकटपट्टीबद्दल अवाक्षर नाही. बाबांनी ते उत्तर मला दोनदा वाचून दाखवलं. “म्हणजे थोडा तरी आपला आहे,” असं पुटपुटले. पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ, असंही म्हणाले.

पुढच्या महिन्यात आत्या गेल्याचा फोन आला.

तेराव्याला हार घातलेला फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला होता. फिकट, ताणलेला, डोळे विस्फारलेले. घरात दुसरा नव्हता. बाबा बराच वेळ त्याच्यापुढे बसून होते. “अशी नव्हती गं ती,” एवढंच म्हणाले.

हा कॅमेरा खरंच भारतीय आहे का, घ्यावा का, असं या ब्लॉगच्या काही वाचकांनी विचारलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कंपनीने दिलं तेवढंच माझ्याकडे आहे. दुसऱ्यासाठी बारवेचे फोटो खाली लावले आहेत. पायरीन् पायरी स्वच्छ दिसते, पाण्यातलं आभाळसुद्धा. फोटो फार सुंदर आले आहेत. बाबांनी ते अजून एकदाही उघडून पाहिलेले नाहीत.