जैतूनआपांची गुलाबदाणी

मालवणच्या बाजारातून मासळी घेऊन घरी आले, तर शेजारच्या जैतूनआपांची सून कुंपणापाशी उभी. माझा हात धरून तिनं आपा गेल्याचं सांगितलं. हातातली पिशवी मी कुठे ठेवली, ते आजही सांगता यायचं नाही…

आपा म्हटलं की आमच्या वाडीला त्यांची चांदीची गुलाबदाणी आठवते. सासरच्या कुणा पूर्वजानं पेशवाईच्या काळात गलबतातून आणलेली, असं त्यांच्या घरात सांगत. उंच मान, पोटावर वेलबुट्टी, टोकाला जाळीचं फूल. लग्न हिंदूंचं असो, मुसलमानांचं की ख्रिश्चनांचं, माणसं ती मागायला यायची. पण आपा ती कुणाच्या हाती देत नसत. स्वतः घेऊन जायच्या आणि मांडवाच्या दारात बसायच्या. पहिलं गुलाबपाणी नवरीच्या आईवर. त्या दिवशी तिच्याकडे कोण बघतं हो? माझ्या लेकीच्या लग्नात ते गार थेंब मानेवर पडले, आणि सकाळपासून दाबून धरलेलं रडू एकदाचं मोकळं झालं.

दर लग्नाआधी आपा ती रिठ्याच्या पाण्यानं आणि राखेनं घासायच्या. एकदा जुन्या वस्तू घेणारा कुणी आला, त्यानं कपाळालाच हात लावला. घासून घासून नक्षी पुसलीत, म्हणाला, आता हिला काय भाव येणार? आपा हसल्या. "झिजली तर झिजांदे. काळी गुलाबदाणी घेवन लग्नाक जांव काय?"

अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना एकच घोर. मला म्हणायच्या, "गो सुमन, माज्या मागसून हिका कपाटात कोंडूक देव नको."

आपांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, आणि त्यांचा मुंबईचा मुलगा सलीम ती टॉवेलात गुंडाळायला लागला. आईची आठवण आहे, बँकेच्या लॉकरात नीट राहील, म्हणाला. मी आपांचं म्हणणं त्याच्या कानावर घातलं.

"काकी, आता दारात बसणार कोण?"

तेवढ्यात गुलाबदाणी कलली आणि कुठल्याशा लग्नातलं उरलेलं पाणी त्याच्या मनगटावर ओघळलं. आईच्या दफनातही टिपूस न गाळलेला तो बाप्या उंबऱ्यावरच बसला, मनगट नाकाशी धरून. खांदे गदगदत होते. मग मुंबईची बोली सोडून म्हणाला, "काकी, फुडचा लगीन कोणाचा आसा?"

गुलाबदाणी आता माझ्या फळीवर आहे. मसुरे गावातल्या लग्नाला न्यायची म्हणून घासूनही ठेवलीय. फक्त जाळी तुंबलीय. तुंबली की आपा सरळ तोंड लावून फुंकर मारायच्या. शेवटची फुंकरही त्यांचीच. मी ती ओठांपर्यंत नेते… आणि परत खाली ठेवते.